कुलाब्याची गाडी

आमच्या घरात एक म्हण होती. घराबाहेर ती मी कुठे ऐकली नाही. न येणाऱ्या गोष्टीची कुणी वाट बघत बसलं की आमची दादी म्हणायची, "बस, कुलाब्याच्या गाडीची वाट बघत बस!" थकलेली उधारी, कोकणातून कुणाच्या हाती येणारी फणसाची साठं, नोकरीचं पत्र, माझ्या कवितेचं मानधन, सगळ्यांची रवानगी त्या एका गाडीत व्हायची. मला लहानपणी वाटायचं की ही गाडी दादीच्या गोष्टींतली असणार. कारण कुलाब्याला आम्ही जायचो ते बसने. तिथे गाडी कुठली?

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजोबांनी, म्हणजे आमच्या दादांनी, मला चर्चगेटला नेलं. फलाटाच्या अगदी टोकाला, जिथे रूळ संपतात आणि गाडीचं तोंड जाड बफरला टेकतं, तिथे आम्ही उभे राहिलो. दादा म्हणाले, "गाडी इथे थांबत नव्हती. पुढे जायची." मी पुढे पाहिलं. पुढे भिंत, माणसं आणि रस्ता. "पुढे कुठे?" असं विचारलं तर त्यांनी नुसता दक्षिणेकडे हात केला आणि म्हणाले, "मी तिथे हमाल होतो."

मंडळी, आज मुंबईत चर्चगेट म्हणजे लोकलचा शेवट. 'लास्ट स्टॉप' असं आपण डोळे मिटून सांगतो. पण हा शेवट नंतर केलेला आहे. त्याच्यापुढे दोनेक किलोमीटरवर एक भलंमोठं स्टेशन होतं, कुलाबा टर्मिनस. मुंबईहून उत्तर हिंदुस्थानात जाणाऱ्या मेलगाड्या तिथून सुटत, आणि लोकलही तिथूनच. ते ३१ डिसेंबर १९३० रोजी बंद झालं. पुढे बी. ए.ला मी इतिहास घेतला. तेव्हा दादांच्या त्या हाताच्या दिशेने थोडं वाचत गेलो. वाचताना एक गंमत कळली, ती आधी सांगतो. हे स्टेशन समुद्रातल्या भरावामुळे जन्माला आलं आणि समुद्रातल्या भरावामुळेच गेलं.

मुंबईतली पहिली आगगाडी १८५३ची, बोरीबंदर ते ठाणे, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. ती जी.आय.पी. रेल्वे, आजची आपली मध्य रेल्वे. पश्चिमेकडच्या कंपनीचं नाव लांबलचक होतं, बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. लोक तिला बी.बी.सी.आय. म्हणत. ही कंपनी १८५५ची. तिची पहिली गाडी मुंबईत धावलीच नाही, ती १८६०मध्ये गुजरातेत अंकलेश्वर ते उत्राण धावली. तिथून रूळ खाली खाली येत १८६४च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडला पोचले. पुढे शहराच्या पोटात शिरायचं तर जागा नव्हती. दाट वस्ती, किल्ल्याभोवतीचं मैदान, आणि पलीकडे समुद्र.

नेमक्या त्याच वर्षांत मुंबईला कापसाचं वेड लागलं होतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हे कळेना. मग समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतली सगळ्यांत गाजलेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. तिच्या शेअरांसाठी लोक वेडे झाले. १८६५मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि शेअरबाजाराबरोबर कंपनीही बुडाली. मागे उरली ती मलबार हिलच्या पायथ्यापासून कुलाब्यापर्यंत किनाऱ्याने गेलेली भरावाची एक चिंचोळी पट्टी. ती सरकारकडे आली आणि सरकारने ती रेल्वेला दिली. आज चर्नी रोड, मरीन लाइन्स, चर्चगेट करत आपण लोकलने जातो ना, ती गाडी त्या बुडालेल्या कंपनीच्या स्वप्नावरून जाते. किती जणांचे दागिने त्या पट्टीखाली आहेत कोण जाणे.

१२ एप्रिल १८६७ला विरारहून बॅकबेला पहिली लोकल आली. दिवसात एकच. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला परत. तिच्या थांब्यांची यादी वाचताना मला कवितेच्या ओळी वाचल्यासारखं वाटलं. नाला सोपाऱ्याला नीला म्हणत, गोरेगावला पहाडी, अंधेरीला अंदारू. आणि वसईच्या खाडीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर पांजे नावाचं स्टेशन होतं. ते पांजे आज नाही. ती लोकल जिथे येऊन थांबायची ते बॅकबे स्टेशनही नाही. स्टेशनं काय, गावांसारखी कायमची असतात असं आपल्याला वाटतं. तसं नसतं.

१८७०मध्ये गाडी चर्चगेटला आली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत कुलाब्याला. कुलाब्यालाच का, तर तिथे कापूस होता. कुलाबा मुळात वेगळं बेट. १८३८मध्ये कॉजवे बांधून ते मुंबईला जोडलं गेलं आणि १८४४मध्ये कापसाचा बाजार तिथे हलला. उघड्या मैदानावर कापसाच्या गासड्यांच्या भिंती रचलेल्या असत. आता गुजरातचा कापूस वाघिणींतून थेट तिथे येऊ लागला. दुसरं कारण छावणी. कुलाब्याचं टोक लष्कराकडे होतं, गोरे साहेब, त्यांच्या मडमा, त्यांचं सामान. ९ मे १८७४ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिचा एक मार्ग कुलाबा ते पायधुणी, भाडं तीन आणे. म्हणजे ज्या जागेला आज आपण मुंबईचं शेपूट समजतो, ते त्या काळी वाहतुकीचं तोंड होतं. १८९६मध्ये कुलाब्याला स्टेशनाची नवी इमारत झाली. जवळपास त्याच सुमारास चर्चगेटसमोर या कंपनीचं मुख्यालय उभं राहत होतं, ते १८९९मध्ये पुरं झालं. त्याचा वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, ज्याने बोरीबंदरचं व्ही.टी. बांधलं तोच. मुख्यालय अजून दिमाखात उभं आहे, पश्चिम रेल्वे तिथूनच चालते. कुलाब्याची इमारत मात्र गेली.

दादा तिथे आले ते १९२०च्या दशकाच्या मध्यावर. खेड तालुक्यातलं गाव, पावसाळ्यात भात आणि उरलेले आठ महिने बोंब. दाभोळच्या बंदरातून बोटीत बसले, भाऊच्या धक्क्यावर उतरले. गावातला एक जण कुलाब्याला हमाली करायचा, त्याने यांना उभं केलं. झोपायला गोदामाच्या मागची पडवी. दादांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोणत्या गाडीच्या कोणत्या डब्यात कोण बसतं हे त्यांना म्हातारपणीही तोंडपाठ होतं. मेलगाडी लागायच्या आधी साहेबांच्या ट्रंका यायच्या, चामड्याच्या पेट्या, टोपल्यांत कुत्री, एकदा म्हणे पिंजऱ्यात काकाकुवा. लोकलच्या उतारूंकडे सामान नसायचं, त्यामुळे हमालांना त्यांचं कौतुक नसायचं. "लोकलवाल्याकडे छत्री आणि डबा, त्याचं काय उचलणार?" असं दादा म्हणत.

१ सप्टेंबर १९२८ला फ्रंटियर मेल सुरू झाली. कुलाब्याहून दिल्ली-लाहोर करत थेट पेशावरला. विलायतेहून टपालाची बोट आली की ती बॅलार्ड पियरच्या बंदरातल्या स्टेशनातून सुटायची, कारण बोटीवरून उतरलेल्या साहेबाला लगेच गाडीत बसता यावं. (ते बॅलार्ड पियरचं स्टेशनही आता नाही. मुंबईने किती स्टेशनं गिळली त्याची मोजदाद एकदा कुणीतरी करायला हवी.) दादांनी पेशावर कधी पाहिलं नाही. पण पेशावरला जाणाऱ्या पेट्या त्यांच्या डोक्यावरून गेल्या होत्या, आणि फाळणीनंतर लाहोर-पेशावरच्या बातम्या रेडिओवर लागल्या की ते कान टवकारून ऐकत बसायचे, असं दादी सांगायची. ती गाडी आता अमृतसरपर्यंतच जाते. १९९६पासून तिचं नाव गोल्डन टेंपल मेल.

त्याच वर्षी, म्हणजे १९२८च्या ५ जानेवारीला, कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली होती. तारा ओढल्या, खांब रोवले, नवे डबे आले. कुलाब्याचं स्टेशन आता शंभर वर्षं हलत नाही, असं कुणालाही वाटलं असतं. तीन वर्षंसुद्धा झाली नाहीत आणि ते बंद झालं.

का झालं? इथे पुन्हा भराव येतो. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची टंचाई झाली आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॅकबे बुजवण्याची जुनी कल्पना पुन्हा बाहेर काढली. या वेळी कंपनी नव्हे, खुद्द सरकार. ११४५ एकर जमीन समुद्रातून काढायची होती. समुद्रात भिंत घातली, तळाचा गाळ उपसून आत ओतायला सुरुवात केली. गाळ हवा तसा घट्ट निघाला नाही आणि भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जाऊ लागला. खर्च फुगत गेला. खुर्शेद नरिमन या तरुण पारशी वकिलाने या कारभारावर झोड उठवली, सरकारी अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. १९२६मध्ये चौकशी समिती बसली. शेवटी ११४५ एकरांच्या जागी सुमारे ४४० एकरांवर काम थांबलं, आणि त्यातलाही निम्म्याहून जास्त भाग लष्कराला विकावा लागला. 'लॉइडचा मूर्खपणा' असं त्या योजनेचं नाव पडलं. ज्या नरिमनांनी या भरावाच्या कारभाराशी झगडा केला, त्यांचंच नाव पुढे भरावावरच्या नरिमन पॉइंटला दिलं गेलं. आपल्याकडे माणसाचा गौरव करायची ही एक तऱ्हा आहे.

आता जी जमीन पदरात पडली होती ती तरी विकली जायला हवी. पण जुना किनारा आणि नवी जमीन यांच्या मधोमध रेल्वेचे रूळ. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेने, कूपरेजच्या बाजूने इंजिनं धूर सोडत जायची आणि पलीकडे सरकारचे प्लॉट. रूळ ओलांडून घर बांधायला कोण येणार? रेल्वेलाही दुसरीकडे अडचण होतीच. लोकल वाढत होत्या आणि त्याच रुळांवरून लांबच्या मेलगाड्या शहराच्या टोकापर्यंत आणायच्या म्हणजे एकीने दुसरीला अडवायचं. कुलाब्याला वाढायला जागा नव्हती. तेव्हा मेलगाड्यांसाठी अलीकडे मोठं स्टेशन बांधायचं हे ठरलं ते बरोबरच होतं. मला तिथे तक्रार दिसत नाही. बेलासिस रोडवर क्लॉड बॅटली यांच्या आराखड्याप्रमाणे २१ महिन्यांत मुंबई सेंट्रल बांधून झालं आणि १८ डिसेंबर १९३०ला ते सुरू झालं.

पण लोकलचं काय? मेलगाड्या गेल्यावर कुलाब्याची लोकल चालू ठेवता आली असती. विजेच्या तारा नव्याकोऱ्या होत्या. मुंबई सेंट्रल सुरू झालं आणि पंधरा दिवसांच्या आत चर्चगेटपुढचे रूळ बंद झाले, याचं कारण गाडीत नव्हतं, जमिनीत होतं. गाडीखालची जमीन गाडीपेक्षा महाग झाली होती. कापसाचा बाजारही तोवर शिवडीकडे गेला होता, हार्बरच्या कॉटन ग्रीन स्टेशनाच्या नावात तो अजून आहे. साहेबाकडे मोटार होती. छावणीतला खानसामा, गोदी-गोदामातला मजूर, वांद्र्याहून येणारा कारकून यांच्यासाठी ट्राम होती, आणि १९२६मध्ये मुंबईत पहिली बस धावली होती ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे कुलाब्याहूनच. तेव्हा चालेल, असं ठरलं. ते चालवून घेण्यात कुलाब्याच्या गरिबांच्या पिढ्या गेल्या. आजही चर्चगेटबाहेर संध्याकाळी कुलाब्याच्या बसची रांग बघा. गीतानगर, गणेशमूर्तीनगर, मच्छीमारनगरची माणसं त्या रांगेत उभी असतात. ही रांग १ जानेवारी १९३१पासूनची आहे, असं मला ती बघताना नेहमी वाटतं.

३१ डिसेंबरच्या रात्री शेवटची लोकल गेली तेव्हा दादा तिथे नव्हते. मेलगाड्या मुंबई सेंट्रलला गेल्या तसे त्यांच्या मागोमाग हमालही गेले. पडवीतलं अंथरूण गुंडाळलं आणि नागपाड्याच्या एका गल्लीत, आमच्या गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत, भिंतीकडची जागा धरली. पुढे लग्न झालं तेव्हा त्याच इमारतीत दहा बाय दहाची वेगळी खोली घेतली. माझे वडील तिथे जन्मले, मी तिथेच वाढलो. तिथल्या म्युनिसिपल शाळेत मराठी शिकलो, तिथल्या जिन्यात बसून पहिली कविता लिहिली. कुलाब्याचं स्टेशन चालू राहिलं असतं तर आम्ही कुठले झालो असतो हे मला सांगता येत नाही. स्टेशन हललं म्हणून आमचं घर हललं. अशी किती घरं हलली असतील? हमाल, पानवाले, टांगेवाले, स्टेशनाबाहेरचे खाणावळवाले. रेल्वेच्या इतिहासाच्या पुस्तकांत स्टेशनाची उंची असते, दगड कुठून आणला ते असतं, ही माणसं त्यात नसतात. दादी त्या पुस्तकांत नाही, पण ती म्हण तिचीच. ती लग्न होऊन आली तेव्हा कुलाब्याची गाडी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा रोज तिच्या गोष्टी सांगायचा, म्हणून वैतागून तिने ती म्हण काढली असावी, असा माझा कयास आहे.

रूळ उखडले गेल्यावर त्या पट्टीचं सोनं झालं. ओव्हलच्या पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, आणि पश्चिमेला १९३०च्या दशकात उभी राहिलेली आर्ट डेको घरांची रांग, गोलाकार बाल्कन्या, फिक्या रंगाच्या. २०१८मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा ठरवलं. मी ती घरं बघायला मुद्दाम गेलो होतो. सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू. मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. दादांच्या डोक्यावरचं ओझं जिथे उतरायचं ती जागा आणखी दक्षिणेला. तिथे आज बधवार पार्क आहे, रेल्वेच्या अधिकाऱ्यांची वसाहत. फतेहचंद बधवार हे रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष, त्यांचं नाव. स्टेशन गेलं पण जागा रेल्वेकडेच राहिली, एवढाच काय तो धागा. २००८च्या २६ नोव्हेंबरला दहशतवादी समोरच्याच मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्याला उतरले आणि बधवार पार्क हे नाव देशभर झालं. तिथे कधीकाळी पेशावरची गाडी लागायची, हे त्या दिवसांत कुणाला आठवण्याचं कारण नव्हतं.

दादा गेले तेव्हा मी दहावीत होतो. दादी त्यानंतर सात वर्षं होती.

आणि मग गाडी आली! ९ ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावू लागली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की कुलाबा-कफ परेड भागाला पहिल्यांदाच रेल्वेने जोडलं. मी पेपर वाचता वाचता एकटाच हसलो. बायकोने विचारलं, काय झालं. म्हटलं, दादीची म्हण मोडली. पंचाण्णव वर्षं उशिरा, पण आली.

पहिल्याच रविवारी मी मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनात उतरलो. सरकते जिने इतके खोल की खाली जाईपर्यंत माणसाचं निम्मं आयुष्य आठवून होतं. गाडीत बसायला जागा मिळाली. ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी, पुढे चर्चगेट. चर्चगेटला मी जरा सावरून बसलो. गाडी थांबली, दारं उघडली, माणसं उतरली, दारं मिटली आणि गाडी पुढे गेली. एवढंच झालं. पण पुढे गेली. विसेक मिनिटांत मी कफ परेडला होतो. दादांना अंथरूण घेऊन उलट्या दिशेने यायला किती वेळ लागला असेल याचा हिशेब मी जिन्यावर करत होतो.

वर आल्यावर उन्हात उभा राहिलो. आजूबाजूला उंच इमारती, टॅक्सी, माशांचा वास. गेटवर एक तरुण सुरक्षारक्षक होता, बोलण्यावरून साताऱ्याकडचा वाटला. त्याला विचारलं, "इथे जवळपास पूर्वी रेल्वे स्टेशन होतं, माहीत आहे का?"

त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "पूर्वी नाही हो काका. स्टेशन आत्ताच झालंय."